लहान आतड्यातला नमुना, त्याच्या पत्त्यासकट: गिळायच्या कॅप्सूलने जिवाणूंचा अभ्यास कसा करावा

आतड्यातल्या जिवाणूंबद्दल आज आपण जे काही वाचतो, त्यातलं बहुतेक सगळं शौचाच्या नमुन्यांवरून आलेलं आहे. नमुना मिळायला सोपा, कुणाला इजा नाही, खर्चही कमी. पण शौचावरून लहान आतड्याबद्दल बोलणं म्हणजे राजमुंद्रीला गोदावरीत बादली बुडवायची आणि त्र्यंबकेश्वरला पाणी कसं आहे ते सांगायचं. मधल्या वाटेवर किती नाले मिळाले, किती पाणी शेतांनी ओढून घेतलं, याचा त्या बादलीत पत्ताच नसतो.

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. अन्नाचं बहुतेक पचन आणि शोषण तिथेच होतं, औषधं तिथेच शरीरात शिरतात, रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशींची मोठी फौज त्याच्याच भिंतीत असते. तिथली जिवाणूंची वस्ती मात्र विरळ. सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, एका मिलिलिटरला हजार ते दहा हजार जिवाणू. शेवटच्या भागात, इलियममध्ये, कोटी ते दहा कोटी. मोठ्या आतड्यात हाच आकडा दहा हजार कोटींच्या घरात जातो. वस्तीची जातकुळीही वेगळी. वर स्ट्रेप्टोकॉकस, व्हेलोनेला यांसारखे झटपट वाढणारे, साध्या साखरेवर किंवा तिच्यापासून बनलेल्या लॅक्टिक आम्लावर जगणारे जिवाणू. खाली बॅक्टेरॉइडिस, फीकॅलीबॅक्टेरियम यांसारखे प्राणवायू न सोसणारे आणि तंतुमय पदार्थ फोडणारे.

हा लेख मी सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि वैद्यकशास्त्राच्या त्या विद्यार्थ्यांसाठी लिहिते आहे, ज्यांना असा अभ्यास हाती घ्यायचा आहे किंवा दुसऱ्यांचे अभ्यास पारखून वाचायचे आहेत. सगळ्या पायऱ्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल: हाती आलेला थेंब नेमका कुठला? ज्या नमुन्याचा पत्ता सिद्ध करता येत नाही, तो कितीही महागड्या यंत्रात घातला तरी उपयोगाचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे

गिळायची यंत्रं आजची नाहीत. १९५७ साली जेकबसन आणि मॅके यांनी पोटातून रेडिओ संदेश पाठवणारी गोळी मांडली. त्याच वर्षी क्रॉस्बी आणि कुग्लर यांची, आतड्याच्या अस्तराचा तुकडा कापून आणणारी, नळीला बांधलेली कॅप्सूल आली. गॅव्ह्रिएल इडान यांच्या कल्पनेतून घडलेल्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलला २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

जिवाणूंसाठी मात्र बराच काळ नळीच वापरली गेली. आपल्या देशातलं या विषयावरचं सुंदर काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालं. ट्रॉपिकल स्प्रू या पोषण नीट न होणाऱ्या आजाराच्या शोधात सेल्विन बेकर, व्ही. आय. माथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या आतड्यातले द्राव तपासले. १९८० मध्ये अल्बर्ट, माथन आणि बेकर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की माणसाच्या लहान आतड्यातले काही जिवाणू, त्यात क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास, बी-१२ जीवनसत्त्व बनवू शकतात. शाकाहारी माणसाला बी-१२ कुठून मिळतं हा प्रश्न ज्याला पडला असेल, त्याने हा शोध मनात ठेवावा. बी-१२ चं शोषण होतं इलियमच्या शेवटी. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते कितीही बनवोत, शोषणाची जागा मागे पडलेली असते. म्हणजे शौचात बी-१२ बनवणारा जिवाणू सापडला, एवढ्यावरून माणसाला त्याचा उपयोग होतो असं म्हणता येत नाही. पत्त्याचं महत्त्व याहून चांगलं कशाने समजेल?

ढाक्यातही अशाच द्रावावर काम झालं. वाढ खुंटलेल्या मुलांच्या ड्युओडेनममधला द्राव एंडोस्कोपीने घेऊन केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४ जिवाणूगटांचं प्रमाण आणि वाढीचा तुटवडा यांचं नातं दिसलं. पण लहान मुलांना भूल देऊन एंडोस्कोपी करायची, तीही फक्त आजारी मुलांची. निरोगी मुलांशी तुलना करायची तर नैतिक अडचण. कॅप्सूलची गरज इथे जाणवते.

पहिली पायरी: प्रश्न आणि साधन यांची जोडी जमवा

‘लहान आतड्यातले जिवाणू पाहायचे आहेत’ हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. प्रश्न असा हवा: दहा दिवस ज्वारीची भाकरी खाल्ल्यावर इलियममध्ये अमुक गटाचं प्रमाण बदलतं का? किंवा: जिवाणू अमुक औषध ड्युओडेनममध्येच फोडतात का?

प्रश्न ठरला की साधनाची निवड सोपी होते. जिवंत जिवाणू मोजून रुग्णाचं निदान करायचं असेल, तर अजून एंडोस्कोपीने घेतलेला द्राव हाच आधार. लहान आतड्यात जिवाणू बेसुमार वाढले असं म्हणण्यासाठी पूर्वी मिलिलिटरला एक लाखाची मर्यादा धरत. आता अनेक तज्ज्ञ एक हजार धरतात. श्वासातला हायड्रोजन मोजण्याची तपासणी स्वस्त आहे, पण ती जिवाणूंची नावं सांगत नाही, आणि त्यासाठी पाजलेली लॅक्टुलोज ही साखर वेगाने मोठ्या आतड्यात पोचली तर फसवते. पोटावर इलियमचं तोंड काढलेल्या रुग्णांकडून नमुना सहज मिळतो, पण त्यांचं आतडं शस्त्रक्रियेनंतरचं असतं.

कॅप्सूल तेव्हा वापरावी, जेव्हा निरोगी माणसाच्या, रोजचं जेवण चालू असतानाच्या, भूल न दिलेल्या आतड्याचा नमुना हवा असतो. एंडोस्कोपीआधी उपाशी ठेवतात, नळी तोंडातून जाते, तोंडातले जिवाणू सोबत जातात. हे सगळे अडसर कॅप्सूल टाळते.

दुसरी पायरी: कॅप्सूलचा प्रकार

सध्या तीन घराणी दिसतात.

पहिलं, सामू म्हणजे पीएच पाहून उघडणारी साधी कॅप्सूल. तिच्यात ना बॅटरी, ना चिप. आत दुमडलेली छोटी लवचीक पिशवी, एकतर्फी झडप आणि बाहेर आम्लात न विरघळणारा थर. ठरावीक सामूला थर विरघळला की पिशवी फुलते, द्राव ओढून घेते आणि झडप बंद होते. कॅलिफोर्नियात दारी शॅलन, के. सी. हुआंग, डेव्हिड रेलमन आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना वापरली. त्यांचा अभ्यास मे २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला: १५ निरोगी माणसं, आतड्यातले २४० नमुने, वेगवेगळ्या ठिकाणी उघडतील अशा चार प्रकारच्या कॅप्सूल, प्रत्येकीत जास्तीत जास्त ४०० मायक्रोलिटर द्राव. शॅलन हे ही कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीचेच संस्थापक आहेत. शोधनिबंध वाचताना एवढी नोंद मनात असावी. त्याने काम खोटं ठरत नाही.

दुसरं घराणं परासरणावर चालणारं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात समीर सोनकुसळे यांच्या गटाने त्रिमितीय छपाईने अशी गोळी बनवली. आतल्या मिठामुळे अर्धपार्य पडद्यातून पाणी ओढलं जातं, त्या ओढीने बाहेरचा द्राव बारीक वाहिन्यांत शिरतो. तिची चाचणी डुकरांवर आणि वानरवर्गातल्या प्राण्यांवर झाली. छोट्या चुंबकामुळे ती बाहेरून एका जागी रोखूनही धरता येते. नमुना हळूहळू भरतो, त्यामुळे एका क्षणाऐवजी एका पट्ट्याचं चित्र मिळतं.

तिसरं घराणं नमुना न आणता बातमी पाठवणारं. तेव्हा मेलबर्नमध्ये असलेल्या कौरोश कलांतर-जादेह यांच्या गटाची वायू ओळखणारी कॅप्सूल प्राणवायू, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजते. माणसांवरचे तिचे पहिले निष्कर्ष जानेवारी २०१८ मध्ये आले. मोठ्या आतड्यात शिरताना प्राणवायू झपाट्याने घटतो, त्यावरून कॅप्सूल कुठे आहे ते कळतं. जिवाणूंची यादी मात्र ती देत नाही.

पुढच्या पायऱ्या पहिल्या घराण्यासाठी लिहिल्या आहेत, कारण आपल्याकडच्या प्रयोगशाळेला तेच झेपण्यासारखं आहे.

तिसरी पायरी: माणसाआधी चंचुपात्र

थर कशाचा लावायचा? औषधनिर्माणशास्त्रातल्या मंडळींना युड्राजिट या गोळ्यांवर थर द्यायच्या पॉलिमरची कुळं ठाऊक असतात. एल १००-५५ साधारण ५.५ सामूच्या वर विरघळतं, एल १०० सहाच्या वर, एस १०० सातच्या वर. ड्युओडेनममध्ये सामू सहाच्या आसपास असतो आणि इलियमच्या शेवटापर्यंत साडेसातच्या जवळ चढतो. म्हणून थर बदलून ठिकाण बदलता येतं. पण इथे एक खाच आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सामू पुन्हा सहाच्या खाली घसरतो, कारण तिथले जिवाणू तंतू आंबवून आम्लं तयार करतात. सात सामूला उघडणारा थर इलियममध्ये अर्धवट विरघळून पुढे गेला, तर कधी उघडेल याचा भरवसा राहत नाही.

तीन चाचण्या माणसाला हात लावण्याआधी करा.

पहिली नेहमीची: ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांना दोन तास, मग ६.८ सामूच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावात. आम्लात एकही कॅप्सूल उघडता कामा नये. मात्र फॉस्फेट बफरवर समाधान मानू नका. आतड्यातल्या द्रावाची आम्ल सामावून घेण्याची ताकद कमी असते आणि तिथे बायकार्बोनेट असतं. त्यात थर विरघळायला जास्त वेळ लागतो. बायकार्बोनेट बफरमध्ये चाचणी केलेली नसेल, तर तुमची ‘ड्युओडेनमची’ कॅप्सूल प्रत्यक्षात कितीतरी पुढे उघडेल.

दुसरी गळतीची. माझ्या मते अख्ख्या अभ्यासाचा कणा हीच. कॅप्सूल आधी एका ओळखीच्या जिवाणूच्या द्रवात भरू द्या. मग ती ३७ अंशांना, प्राणवायू नसलेल्या डब्यात, पातळ केलेल्या शौचात ४८ तास ठेवा. सोबत अधूनमधून हलवा, दाबा. बाहेर काढून आतल्या द्रावात शौचातल्या जिवाणूंचं डीएनए किती शिरलं ते मोजा. कारण कॅप्सूलला इलियमनंतर सगळं मोठं आतडं ओलांडायचं आहे, आणि तिथे जिवाणू हजारपटींनी जास्त आहेत. हजारातला एक थेंब आत झिरपला तरी तुमचा नमुना शौचाचाच होतो.

तिसरी चाचणी साठवणीची. झडप बंद झाली तरी आतले जिवाणू जिवंत असतात, अंग गरम असतं, साखर उरलेली असते. कॅप्सूल बाहेर यायला एक-दोन दिवस लागले तर स्ट्रेप्टोकॉकससारखे जिवाणू आतच वाढतात. म्हणून आतड्यातल्या द्रावासारखं मिश्रण करून ते ०, १२, २४ आणि ४८ तास कॅप्सूलमध्ये ठेवा आणि कोण किती वाढलं ते पाहा. कॅप्सूलच्या आत जिवाणू थोपवणारं रसायन घालण्याचा मोह होतो. ते गळलं तर माणसाच्या पोटात जाणार आहे, त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा आधी हवा.

चौथी पायरी: परवानग्या

यात घाई चालत नाही. संस्थेची नैतिकता समिती, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत पहिला सहभागी घेण्याआधी नोंदणी. कॅप्सूल नवीन असेल तर ते वैद्यकीय उपकरण ठरतं आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली एमडी-२२ अर्ज करून एमडी-२३ परवानगी घ्यावी लागते. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर त्याचे करार वेगळे. हे सगळं जमायला लागणारा वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात प्रामाणिकपणे धरा.

पाचवी पायरी: सहभागी कोण, कोण नाही

सुरक्षितता आधी. गिळताना त्रास होणारे, क्रोन हा आतड्याच्या दाहाचा आजार किंवा आतडं अरुंद झाल्याची शंका असलेले, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेले, वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेणारे, जठर हळू रिकामं होणारे, गरोदर स्त्रिया यांना घेऊ नये. कॅमेऱ्याच्या कॅप्सूलच्या अनुभवात सर्वसाधारण एक-दोन टक्के रुग्णांत कॅप्सूल अडकते. ते प्रमाण रुग्णांचं आहे, निरोगी माणसांत धोका त्याहून कमी, पण शून्य नाही. दोन आठवड्यांत कॅप्सूल बाहेर आली नाही तर ती अडकली असं धरतात. तुमच्या कॅप्सूलमध्ये एक्स-रेमध्ये दिसेल असा छोटा ठिपका आधीच बसवून घ्या. नसेल तर अडकली की निसटली हेच कळणार नाही. धातूचा भाग किंवा चुंबक असेल तर ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय नको.

पत्त्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ‘ॲसिडिटीची गोळी घेता का?’ ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल घेणाऱ्याच्या जठरात आम्ल इतकं कमी होऊ शकतं, की ५.५ ला उघडणारी कॅप्सूल जठरातच उघडेल. आणि आपल्याकडे ही गोळी लोक औषध मानतच नाहीत. ‘कोणतं औषध चालू आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही हो’ असं उत्तर येतं. ‘सकाळी उपाशीपोटी काही गोळी घेता का, पित्ताची?’ असं विचारलं की ‘हो, ती रोजची’ निघते. तसंच गेल्या काही महिन्यांतल्या प्रतिजैविकांचं. घरातल्या डब्यात उरलेल्या पट्ट्या आणायला सांगा, तोंडी आठवणीवर जाऊ नका.

कवच जिलेटिनचं आहे का, हेही आधीच सांगा. जिलेटिन प्राण्यांपासून येतं. शाकाहारी, जैन सहभागींना हे गिळल्यानंतर कळणं हा विश्वासघात आहे. वनस्पतिजन्य एचपीएमसीचं कवच मिळतं; जमत असेल तर सगळ्यांना तेच द्या.

सहावी पायरी: गिळण्याचा दिवस

न पचणारी मोठी वस्तू जठरातून कधी बाहेर पडते, हे जेवणावर ठरतं. भरल्या पोटी जठर अन्न दळून बारीक करून सोडत राहतं आणि कॅप्सूलसारख्या मोठ्या वस्तू मागे ठेवतं. पोट रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट येते. ती कॅप्सूलला पुढे ढकलते. त्यामुळे जेवणाबरोबर गिळलेली कॅप्सूल जठरात तासन्‌तास थांबू शकते आणि मध्येच पुन्हा खाल्लं तर आणखी थांबते. लहान आतडं ओलांडायला मात्र बहुतेकांना तीन ते पाच तास पुरतात.

यातून नियम असा: जेवणाची वेळ, गिळण्याची वेळ आणि त्यानंतरचं पहिलं खाणं सगळ्यांसाठी एकसारखं ठेवा. ‘काही खाल्लं नाही’ म्हणणाऱ्याने दोन कप चहा घेतलेला असतो. दूध-साखर हेही खाणंच आहे, हे आधी समजावून सांगा. आहाराची वही द्या. उपवासाचे दिवस टाळा किंवा नोंदवा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाणे खाल्लेला माणूस आणि वरण-भात-पालेभाजी खाल्लेला माणूस यांची आतडी त्या दिवशी सारखी नसतात.

वेगवेगळ्या सामूला उघडणाऱ्या कॅप्सूल एकाच वेळी द्या, आणि एका माणसाला किमान दोन वेगवेगळ्या वेळांना. एकाच माणसात, एकाच प्रकारच्या कॅप्सूलमध्येही फरक पडतो. तो किती हे मोजल्याशिवाय आहाराचा परिणाम कळणार नाही. प्रत्येक कॅप्सूलवर न पुसणारा क्रमांक हवा.

सातवी पायरी: परत मिळवणं

शोधनिबंधात या भागाला एक ओळ मिळते. प्रत्यक्षात अभ्यास इथेच बुडतो किंवा तरतो. सहभागीला सगळं शौच गोळा करायचं आहे, शेवटची कॅप्सूल बाहेर येईपर्यंत, म्हणजे कधी एक दिवस, कधी चार. हे सांगायला संकोच वाटतो म्हणून अनेक संशोधक संमतीपत्रात घाईघाईने उरकतात. उरकू नका. समोर बसून, मराठीत, साध्या शब्दांत सांगा. ज्याला नको असेल त्याला तिथेच नाही म्हणता येऊ दे.

कमोडवर बसवायची रुंद टोपीसारखी भांडी मिळतात. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यांचा उपयोग नाही. उथळ, रुंद ट्रे आणि त्यात जाड पिशवी लागते. लघवी वेगळी करायची, आणि पाणी वापरण्याआधी ट्रे बाजूला सरकवायचा. हा शेवटचा मुद्दा चित्र काढून दाखवा, कारण सवयीने पाणी आधी हाती येतं.

घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पिशवी ठेवायला सांगू नका. ज्या घरात फ्रीजजवळच देव्हारा आहे, ज्या सासूबाई त्याच कप्प्यात मटार ठेवतात, तिथे हे होणार नाही, आणि झालं तरी घरात भांडण होईल. झाकणबंद थर्मोकोलची पेटी, गोठवलेल्या जेल-पट्ट्या आणि फोन केल्यावर तासाभरात येणारा माणूस, एवढी व्यवस्था तुमची असली पाहिजे. एका जुन्या अभ्यासात आमच्या एका सहभागी आजोबांनी नमुना देण्याआधी भांडं ‘स्वच्छ असावं’ म्हणून फिनेलने धुतलं होतं. जिवाणू वाढवण्यासाठी घेतलेला तो नमुना गेला. चूक आमची होती. भांडं कसं आलं तसंच वापरायचं, हे आम्ही सांगितलंच नव्हतं.

बाहेर पडण्याची वेळ, थंड केल्याची वेळ आणि प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ, तिन्ही लिहा. गिळण्यापासून गोठवण्यापर्यंत गेलेला वेळ हा पुढच्या विश्लेषणातला एक आकडा आहे, शेरा नाही.

आठवी पायरी: थेंबाची वाटणी

कॅप्सूल शौचातून काढा, पाण्याने धुवा, बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, कोरडी करा. धुतल्यानंतरच्या शेवटच्या पाण्याचाही थोडा नमुना ठेवा: बाहेरची घाण खरंच गेली का, याचा तो साक्षीदार. मग निर्जंतुक सुईने आतला द्राव ओढा.

हाती असतील २०० ते ४०० मायक्रोलिटर, कधी ५०. आधी सामू मोजा, बारीक इलेक्ट्रोडने, दोन-चार मायक्रोलिटरवर. मग थंड अपकेंद्री यंत्रात फिरवा: वरचा निवळ भाग पित्ताम्लं आणि इतर रसायनांसाठी, तळाचा गाळ डीएनएसाठी. जिवंत जिवाणू वाढवायचे असतील तर काही भाग गोठवण्याआधीच, प्राणवायूविरहित पेटीत, ग्लिसरॉलमध्ये बाजूला काढा. एकदा गोठलेल्या शौचातून निघालेल्या कॅप्सूलमधून प्राणवायू न सोसणारे जिवाणू फारसे वाढत नाहीत. जे उरेल ते उणे ८० अंशांत. सगळा थेंब पहिल्याच दिवशी वापरून टाकू नका.

नववी पायरी: पत्ता सिद्ध करणं

आता खरी परीक्षा. कॅप्सूलवर ‘इलियम’ लिहिलेलं आहे म्हणून नमुना इलियमचा होत नाही. मी तीन साक्षीदार मागते.

एक, मोजलेला सामू. साठवणीत आंबवण्यामुळे तो थोडा उतरू शकतो, हे तिसऱ्या पायरीत मोजलेलं असेलच.

दोन, पित्ताम्लं. यकृताने सोडलेली पित्ताम्लं ग्लायसिन किंवा टॉरिनला जोडलेली असतात. आतड्यातले जिवाणू ही जोड तोडतात, आणि बहुतेक पित्ताम्लं इलियमच्या शेवटी शरीरात परत घेतली जातात. म्हणून वरच्या नमुन्यात जोडलेली पित्ताम्लं भरपूर, खाली तुटलेली वाढत जाणारी, शौचात मुख्यतः जिवाणूंनी बदललेली. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात हा उतार स्पष्ट दिसला. शौचात न दिसणारी आणखी एक गोष्ट तिथे दिसली: जिवाणूंनी स्वतः अमिनो आम्लं जोडून बनवलेल्या पित्ताम्लांचा कल जागेप्रमाणे आणि अमिनो आम्लाप्रमाणे बदलत होता.

तीन, त्याच माणसाच्या शौचाशी आणि लाळेशी तुलना. नमुन्यातले किती जिवाणू शौचातून आले असावेत, हे सांगणारी संगणकीय साधनं आहेत. नमुना शौचाची हुबेहूब नक्कल वाटला आणि सामू, पित्ताम्लंही तेच सांगत असतील, तर तो बाद करा. किती बाद केले ते लिहा. हे करताना मन जड होतं, इतके कष्ट केलेले असतात, तरी करायचं.

दहावी पायरी: डीएनए, मोजणी आणि हिशोब

वरच्या आतड्यातल्या नमुन्यात जिवाणू कमी आणि माणसाच्या पेशी भरपूर. डीएनए काढण्याच्या रसायनांतही जिवाणूंचं थोडं डीएनए असतंच. त्यामुळे प्रत्येक फेरीत कोरे नमुने घाला: रिकाम्या कॅप्सूलमधलं निर्जंतुक पाणी, नुसतं रसायन, आणि एक ओळखीचं कृत्रिम मिश्रण. स्ट्रेप्टोकॉकससारख्या जाड भिंतीच्या जिवाणूंसाठी मण्यांनी फोडण्याची पायरी वगळू नका, नाहीतर वरच्या आतड्यात नेमके तेच कमी दिसतील.

१६एस हे सगळ्या जिवाणूंत असणारं, ओळख पटवणारं जनुक वाचून कोण आहे ते कळतं, पण टक्क्यांत. ड्युओडेनमचे ३० टक्के आणि इलियमचे ३० टक्के यांत दहा हजारपटींचा फरक असू शकतो. म्हणून एकूण जिवाणूंची संख्या वेगळी मोजा, क्यूपीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या तंत्राने चालेल. पूर्ण जीनोम वाचणार असाल तर विषाणूही बघा. शौचापेक्षा आतड्यात जिवाणूंत दडलेले विषाणू जास्त प्रमाणात जागे होतात, असं २०२३ च्या अभ्यासात आढळलं; हा धागा पुढे नेण्यासारखा आहे.

हिशोबात एकच चूक वारंवार दिसते: १५ माणसांच्या २४० कॅप्सूल म्हणजे २४० स्वतंत्र निरीक्षणं असं धरणं. माणसं १५ च आहेत. माणूस हा यादृच्छिक घटक धरणारं मिश्र प्रारूप, म्हणजे एकाच माणसाचे नमुने एकमेकांशी जोडलेले धरणारी सांख्यिकी पद्धत, वापरा. कॅप्सूलचा प्रकार, सामू, नमुन्याचं आकारमान आणि गोठवण्यापर्यंतचा वेळ त्यात घाला. सहभागी किती हवेत हे माणसांच्या संख्येवर ठरवा. कॅप्सूल वाढवून माणसांची कमतरता भरून निघत नाही.

आणि सहभागींचं देणं

चार दिवस शौच गोळा करून देणारा माणूस शेवटी एकच विचारतो: ‘मॅडम, माझं काय निघालं?’ याचं उत्तर अभ्यास सुरू होण्याआधी ठरवा आणि संमतीपत्रात लिहा. ‘तुमच्यात अमुक जिवाणू जास्त आहेत, अमुक खा’ असं सांगू नका. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात काय असायला हवं, याची आपल्या लोकांची मोजपट्टी अजून तयार व्हायची आहे, आणि त्यांनी दिलेला नमुना त्या मोजपट्टीचाच एक भाग आहे, हे त्यांना जसंच्या तसं सांगा. कॅप्सूल सगळ्या बाहेर आल्या का, ते क्रमांकासकट लिहून द्या. तपासणीत उपचाराची गरज दाखवणारं काही सापडलं, तर कोणत्या डॉक्टरांकडे पाठवायचं ते नाव आधीच ठरलेलं असू द्या. आणि अभ्यास छापून आला की त्याचा दोन पानांचा मराठी सारांश प्रत्येकाच्या घरी पोचवा, ज्या माणसाने पेट्या नेल्या-आणल्या त्याच्याच हाती.